महापौर : एका खुर्चीचा इतिहास

द्वितीय वर्षाच्या वर्गावर 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा घटक मी बरीच वर्षे शिकवीत आलो आहे. त्यातील महापौर या पदापाशी आलो की, "हे मुख्यतः मानाचे व शोभेचे पद आहे, खरी सत्ता आयुक्तांच्या हाती असते," असे एक वाक्य सांगावे, विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरून घ्यावे आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळावे, असा माझा शिरस्ता. मुंबई महानगरपालिकेवर प्रशासक होते त्या काळात मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने हा शिरस्ता मोडला. ती उठून म्हणाली, "सर, आमच्या गल्लीच्या पाण्याचा अर्ज लिहायचा आहे. नगरसेवक म्हणतात, मी आता माजी. महापौरही माजी. मग 'प्रति' लिहून पुढे कोणाचे नाव घालायचे?"

वर्गात हशा पिकला. मीही हसलो; परंतु उत्तर मात्र मला देता आले नाही. पद शोभेचे असेल, तर ते रिकामे झाल्यावर या मुलीचे काय अडले? आणि तिचे काही अडले असेल, तर ते निव्वळ शोभेचे कसे? या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेऊन बसविले. तेथे जे वाचले, त्यातून मुंबईच्या महापौरपदाची जी हकीकत जुळली, ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

शब्द दोनदा आला

'मेयर' हा शब्द मुंबईत एकदा नव्हे, दोनदा आला. हिंदुस्थानात तो प्रथम उतरला मद्रासेत. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ च्या सनदेने तेथे नगरपालिका स्थापिली व १६८८ मध्ये नॅथानिएल हिगिन्सन हा तिचा पहिला मेयर झाला. मुंबईला मेयर मिळाला तो १७२६ च्या राजसनदेने. एक मेयर व नऊ आल्डरमन अशी ती रचना होती. परंतु या मेयरचे मुख्य काम होते न्यायनिवाड्याचे. त्यांच्या न्यायालयाला 'मेयर्स कोर्ट' म्हणत. दिवे, पाणी, गटारे यांच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. १७९८ मध्ये त्याच्या जागी रेकॉर्डरचे न्यायालय आले आणि मेयर हा शब्द मुंबईच्या कारभारातून नाहीसा झाला. तो परत यायला एकशे तेहतीस वर्षे लागली. दुसऱ्या वेळी मात्र तो लंडनहून आलेल्या सनदेने आला नाही. शहरातील करदात्यांनी निवडलेल्या सभागृहाच्या पाठीवर बसून आला. दोन्ही आगमनांतील हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

मराठी शब्दाचीही कथा अशीच उद्बोधक आहे. पुरात राहतो तो पौर आणि पौरांमध्ये पहिला तो महापौर. भाषाशुद्धीच्या चळवळीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जे प्रतिशब्द रूढ केले, त्यांत 'महापौर' हा एक असे सांगितले जाते. 'हुतात्मा' हा शब्दही त्याच टांकसाळीतला मानतात. मूळ इंग्रजी शब्दात 'मोठा, वरचढ' असा भाव आहे. मराठी शब्दात तो माणूस आधी पौर आहे, म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नागरिक आहे आणि मग 'महा' आहे. माझ्या मते या पदाचा सारा अर्थ या एका शब्दात साठविलेला आहे. पण ते पुढे येईलच.

क्रॉफर्ड आणि फिरोजशहा

आजच्या महापौराचे हात कायद्याने का बांधलेले आहेत, हे कळण्यासाठी १८६५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबईचा सर्व कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती देण्यात आला आणि त्या जागी आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. माणूस कर्तबगार व धडाडीचा होता. रस्ते रुंद झाले, गटारांची कामे निघाली आणि आज जिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात ती भव्य मंडई उभी राहिली. पण खर्चाला धरबंद उरला नाही. हिशेब विचारण्याचा अधिकार 'जस्टिस ऑफ द पीस' या सरकारनियुक्त मंडळींना होता, तो नावापुरता. अखेर १८७१ मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन केले आणि क्रॉफर्ड यांना जावे लागले.

या वादळात विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला एक तरुण पारशी गृहस्थ लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध उभा राहिला. ते फिरोजशहा मेहता. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी जो निबंध वाचला, त्याचा मथितार्थ असा : दोष कमिशनरच्या पदात नाही, तर त्याला जाब विचारणारे लोकनियुक्त सभागृह नाही यात आहे. काम करणारा हात एकच असावा. मात्र त्या हातावर लोकांचा डोळा असावा. सभा त्या वेळी त्यांच्यावर खूष नव्हती. परंतु पुढील कायद्यांची दिशा बरीचशी तीच राहिली. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यांपैकी बत्तीस करदात्यांनी, सोळा जस्टिस मंडळींनी निवडायचे व उरलेले सोळा सरकारने नेमायचे. मतदार कोण? ठराविक रकमेहून अधिक कर भरणारे, म्हणजे मूठभर. तरीही मुंबईत लोकनियुक्त कारभाराचा पाया घातला गेला तो येथेच.

त्यानंतर आला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम. याच्या घडणीत फिरोजशहांचा मोठा वाटा होता. अनेक दुरुस्त्यांसह हाच कायदा आजही मुंबईला लागू आहे. त्याने कॉर्पोरेशन, स्थायी समिती व आयुक्त अशी तीन अधिकारस्थाने निर्माण केली. धोरण सभागृहाचे, तिजोरीवरची नजर स्थायी समितीची आणि अंमलबजावणी आयुक्ताची. आयुक्त नेमायचा तो सरकारने. या तिघांत सभागृहाच्या अध्यक्षाचे नाव नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. अध्यक्षाने सभा चालवायची, सभासदांना बोलू द्यायचे आणि समसमान मते पडली तर आपले निर्णायक मत टाकायचे.

मुंबईच्या महापौराचे दुबळेपण हे कुणाच्या नजरचुकीने आलेले नाही. ज्यांना 'मुंबईच्या नगरकारभाराचे जनक' म्हणून आपण गौरवितो, त्यांच्याच विचाराची ती फलश्रुती आहे. परकीय सरकारने नेमलेला अधिकारी कर्तबगार असावा आणि आपण त्याला जाब विचारीत राहावे, हे त्या काळात शहाणपणाचे होते. पण सरकार आपले झाल्यावरही ती मांडणी तशीच राहिली. खरा प्रश्न येथे सुरू होतो.

अध्यक्षांची परंपरा

१९३१ पूर्वी या पदाला अध्यक्ष म्हणत. त्या यादीवर नजर टाकली तर अधिकार नसलेल्या खुर्चीवर किती अधिकारी पुरुष बसले, याचे नवल वाटते. 'व्यवहारमयूख'चे इंग्रजी भाषांतर करणारे कायदेपंडित रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक या खुर्चीवर बसले. स्वतः फिरोजशहा १८८४ व १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे आणि पुन्हा १९०५ साली अध्यक्ष झाले. आकडेशास्त्राचे जाणते दिनशा वाच्छा १९०१ मध्ये झाले. विठ्ठलभाई पटेल हे अध्यक्षपद भूषवून १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित हिंदी अध्यक्ष झाले. सभा कशी चालवावी याचे धडे त्यांनी आधी याच शहराच्या सभागृहात गिरविले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मला मात्र या यादीत सर्वांत जवळचे वाटतात ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस. मूळचे गोव्यातील हडफड्याचे, वैद्यकी करणारे गृहस्थ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात काही रुग्ण तापाने दगावू लागले. हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले व न कचरता जाहीर केले. बंदराच्या शहरात प्लेग असल्याचे सांगणे म्हणजे व्यापारावर कुऱ्हाड घालणे. ऐकणाऱ्यांना ते रुचणे कठीणच होते. पण निदान खरे ठरले. दहा वर्षांनी, १९०६ मध्ये, मुंबईने त्यांना अध्यक्षाच्या खुर्चीवर बसविले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी ख्रिस्ती गृहस्थ. आज धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या हजारोंपैकी कितीजणांना त्यांची ही कामगिरी ठाऊक असेल?

अध्यक्षाचा महापौर झाला

१९३१ मध्ये कायद्यातील दुरुस्तीने 'प्रेसिडेंट'चा 'मेयर' झाला. जे. बी. बोमन-बेहराम हे मुंबईचे पहिले महापौर. नाव बदलले, अधिकार मात्र तेच राहिले. येथे कलकत्त्याशी तुलना करून पाहणे उपयुक्त ठरेल. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या पुढाकाराने झालेल्या १९२३ च्या कायद्याने तेथे महापौरपद आले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी निवडण्याचा हक्कही महापालिकेला मिळाला. १९२४ मध्ये देशबंधू चित्तरंजन दास महापौर झाले आणि त्यांनी सुभाषचंद्र बोस यांना मुख्य अधिकारी केले. सुभाषबाबू स्वतः १९३० मध्ये महापौर झाले. पुढे १९८० च्या कायद्याने कलकत्त्याने महापौर व त्याचे मंडळ यांच्या हाती कारभार दिला. मुंबईने ती वाट धरली नाही.

मुंबईने एक निराळा संकेत मात्र पाळला. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांतील व्यक्तींना पाळीपाळीने एक एक वर्ष महापौर करण्याचा. हा कायदा नव्हता, ती समजूत होती. बोमन-बेहराम यांच्यानंतर विठ्ठल चंदावरकर, मग हुसेनअली रहिमतुल्ला, पुढे १९३५ मध्ये वीर नरीमन, १९३६ मध्ये जमनादास मेहता, १९३८ मध्ये सुलतान चिनॉय अशी नावे वाचीत गेले की शहराची वस्तीच डोळ्यांसमोरून सरकते. या पद्धतीत दोष होताच. माणसाआधी त्याची जात मोजली जाई. पण या शहराचा प्रथम नागरिक कोणत्याही घरातला असू शकतो, ही गोष्ट त्यामुळे मुंबईच्या अंगवळणी पडली, हेही नाकारून चालणार नाही.

या सर्व नावांत १९४२ चे नाव वेगळ्या शाईने लिहिले पाहिजे. ते युसूफ मेहेरअली. वयाची चाळिशीही न गाठलेला हा समाजवादी तरुण. महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले तेव्हा ते तुरुंगात होते. 'क्विट इंडिया' ही घोषणा सुचविण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया तलावाच्या मैदानावर ठराव झाला, त्यानंतरच्या धरपकडीत या शहराचा महापौरही तुरुंगात गेला. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या हाती सभेची घंटा वाजविण्यापलीकडे काय होते? तरीसुद्धा त्यांच्या अटकेने जो अर्थ लोकांपर्यंत पोचला, तो एखाद्या आयुक्ताच्या बदलीने पोचला असता काय?

स्वातंत्र्यानंतर

१८७२ मध्ये मूठभर करदात्यांपुरते असलेले मत १९२२ च्या दुरुस्तीने भाडेकरूंपर्यंत आले आणि १९४८ मध्ये सर्व प्रौढांना मिळाले. एप्रिल १९५० मध्ये उपनगरे शहराला जोडली गेली. फेब्रुवारी १९५७ मध्ये हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे मतदार वाढले, शहर वाढले आणि चाळीतला गिरणी कामगार आता कुलाब्याच्या बंगलेवाल्याइतकाच मतदार झाला. याचा परिणाम खुर्चीवर दिसणे अपरिहार्य होते.

आरंभी काँग्रेसचे वर्चस्व होते. स. का. पाटील १९४९ ते १९५२ असे लागोपाठ तीन वर्षे महापौर झाले. १९५६ मध्ये सुलोचना मोदी यांच्या रूपाने मुंबईला पहिली महिला महापौर मिळाली. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राचा लढा आला. १९५७ च्या निवडणुकीनंतर समितीचे आचार्य मो. वा. दोंदे महापौर झाले आणि १९५८ मध्ये कॉ. एस. एस. मिरजकर. मिरजकर हे मीरत खटल्यातील आरोपी. ज्यांना एके काळी राजद्रोही ठरविले होते, ते त्याच साम्राज्याने बांधलेल्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या त्या गॉथिक इमारतीत महापौर म्हणून बसले. या बदलाला शासनाचा कुठलाही हुकूम लागला नाही. लोकांची मते पुरेशी झाली.

१९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते हे शिवसेनेचे पहिले महापौर झाले आणि पुढील अर्धशतकाच्या राजकारणाची चाहूल लागली. सुधीर जोशी, मनोहर जोशी, मुरली देवरा, छगन भुजबळ ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. मनोहर जोशी १९७६ मध्ये महापौर होते. ते १९९५ मध्ये मुख्यमंत्री व २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. वर्षभराची ही खुर्ची पुष्कळांना पायरी ठरली. पण पायरी म्हणून पाहिले की तिच्यावर कोणी फार वेळ थांबत नाही, हाही त्याचाच दुसरा भाग. एका वर्षात महापौराने शहर समजून घ्यावे, की सत्कार घ्यावेत?

या उणिवेची जाणीव शासनालाही झाली. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धत सुरू झाली. महापौराला मंत्रिमंडळासारखे मंडळ आणि कार्यकारी अधिकार देण्याचा तो प्रयोग होता. १९९९ मध्येच तो गुंडाळण्यात आला. एवढ्या अल्प काळात कोणत्याही पद्धतीचे बरेवाईट ठरविता येत नाही, असे माझे मत आहे. त्यानंतर मुदत अडीच वर्षांची झाली, एवढा लाभ हाती राहिला.

अधिक टिकाऊ बदल घडला तो ७४ व्या घटनादुरुस्तीने. जून १९९३ पासून ती अमलात आली व स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. महापौरपदाचे आरक्षणही सोडतीने ठरू लागले. सुलोचना मोदींनंतर दुसरी महिला महापौर, निर्मला सामंत-प्रभावळकर, यायला १९९४ साल उजाडावे लागले. अडतीस वर्षे! त्यानंतर मात्र विशाखा राऊत, शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर अशी नावे पाठोपाठ आली. सद्भावना अडतीस वर्षांत जे करू शकली नाही, ते कायद्याने केले.

खुर्ची रिकामी झाली तेव्हा

७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. यापूर्वी १९८४–८५ मध्येही असा प्रसंग आला होता. परंतु तो वर्षभराचा. या वेळी जवळजवळ चार वर्षे गेली. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, तेव्हा कुठे सभागृह पुन्हा भरण्याची वाट मोकळी झाली.

या चार वर्षांत शहर बंद पडले का? नाही. पाणी आले, कचरा उचलला गेला, अंदाजपत्रक मंजूर झाले. ते मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकार मात्र एकाच टेबलाशी बसला होता. काम करणारा हात होता, त्यावरचा डोळा नव्हता. म्हणजे १८७१ मध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनी ज्या उणिवेवर बोट ठेवले होते, नेमकी तीच उणीव दीडशे वर्षांनी पुन्हा समोर उभी राहिली. मग त्या चार वर्षांतला अधिकारी चांगला होता की वाईट, हा प्रश्न गौण ठरतो. क्रॉफर्डही कर्तबगारच होते.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. महापौराजवळ काय असते? कायद्याचे पुस्तक उघडले तर सभेचे अध्यक्षपद, एक निर्णायक मत, कागदपत्रे पाहण्याचा व प्रशासनाकडून माहिती मागविण्याचा हक्क. त्याखेरीज गरजू रुग्णाला थोडीफार मदत देणारा महापौर निधी. शिवाजी पार्कच्या समुद्रकाठचा तो सुंदर बंगलाही राहिला नाही. तेथे बाळासाहेब ठाकरे यांचे स्मारक व्हायचे ठरल्याने २०१९ मध्ये महापौरांचा मुक्काम भायखळ्याला राणीच्या बागेत हलला.

पण पुस्तकाबाहेर आणखी एक गोष्ट असते. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या त्या भीतिदायक दिवसांत, पूर्वाश्रमीच्या परिचारिका असलेल्या महापौर किशोरी पेडणेकर परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. त्यांच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो. अधिनियमाच्या कोणत्याही कलमात हे कर्तव्य लिहिलेले नाही. व्हिएगस यांचे निदान, मेहेरअलींचा तुरुंग आणि हा गणवेश यांची जात एकच आहे, असे मला वाटते. शहराच्या वतीने कोणीतरी पुढे व्हावे आणि 'मी तुमच्यातलाच आहे' असे म्हणावे, हा तो अधिकार. तो शासन देत नाही, म्हणून शासनाला तो नेमताही येत नाही. आयुक्त शहरासाठी काम करील, उत्तमही करील. पण शहर म्हणून बोलणे त्याच्या नेमणुकीत बसत नाही. ते पौराचे काम आहे.

यावरून महापौराला जास्त अधिकार नकोत, असा अर्थ कोणी काढू नये. उलट ज्याला लोक जबाबदार धरतात, त्याच्या हाती काही तरी असावे, हाच न्याय होय. आज महापौराला शिव्या मिळतात त्या खड्ड्यांबद्दल आणि खड्डे बुजविण्याचा हुकूम मात्र दुसऱ्याचा. ही विसंगती दूर व्हावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या आठवड्यात सांगितले, "प्रति, प्रशासक असे लिही." तिने लिहिले. पण तोवर मला कळून चुकले होते की तिने विचारले होते ते पद नव्हे. तिला हवा होता तो माणूस, जो पाच वर्षांनी पुन्हा तिच्या दारात मत मागायला येणार आहे. प्रशासक येत नाही. महापौर, नगरसेवक येतो, त्याला यावेच लागते. त्याची सारी सत्ता आणि आपलीही सारी सत्ता त्या एका येण्यात आहे.

'शोभेचे पद' हे वाक्य मी आता वर्गात सांगत नाही.